मुक्या जिवांची कैवारी : मारिया डिकिन

सप्टेंबर १९३९चा पहिला आठवडा. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि लंडनमधील प्राण्यांच्या दवाखान्यांपुढे लांबच लांब रांगा लागल्या. कुणाच्या कडेवर मांजर होते, कुणाच्या हातातल्या दोरीला कुत्रे होते, कुणाच्या टोपलीत ससा, तर कुणाच्या पिंजऱ्यात पक्षी. यांतले बहुतेक प्राणी ठणठणीत होते. त्यांना औषधपाण्यासाठी नव्हे, तर कायमचे झोपवून टाकण्यासाठी आणले होते. आणणाऱ्यांचे डोळे भरून येत होते, पण त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता. बॉम्ब पडणार, विषारी वायू सोडला जाणार, अन्नाची टंचाई होणार, मुलांना खेड्यांत धाडायचे, पुरुषांना सैन्यात जायचे, मग घरातल्या मुक्या जनावराचे करायचे काय, हा प्रश्न शहरातल्या लाखो घरांपुढे एकाच वेळी उभा राहिला होता.

यांतल्या कितीतरी रांगा पीपल्स डिस्पेन्सरी फॉर सिक ॲनिमल्स, म्हणजेच पीडीएसए या संस्थेच्या दवाखान्यांपुढे होत्या. गरिबांची आजारी जनावरे जगावीत म्हणून बावीस वर्षांपूर्वी ही संस्था ज्यांनी काढली, त्या मारिया डिकिन तेव्हा एकोणसत्तराव्या वर्षाला टेकल्या होत्या. ज्या हातांनी जखमा बांधायच्या, त्याच हातांनी धडधाकट जनावरांचा शेवट करण्याची वेळ त्यांच्या माणसांवर आली. बरोबर एक वर्षाने लंडनवर खरोखरच बॉम्ब पडू लागले, तेव्हा हीच माणसे ढिगाऱ्यांत उतरून जिवंत राहिलेली जनावरे शोधू लागली. मारिया डिकिन यांच्या कार्याची थोरवी समजून घ्यायची, तर या दोन सप्टेंबरांमधले अंतर ध्यानात घ्यावे लागते.

मारिया यांचा जन्म २२ सप्टेंबर १८७० रोजी लंडनमध्ये झाला. वडील विल्यम जॉर्ज डिकिन हे धर्मोपदेशक. आठ भावंडांत मारिया सर्वांत थोरल्या. धर्मोपदेशकाच्या घरात प्रतिष्ठा होती, पैसा बेताचाच होता. चांगल्या घरच्या मुलीने अर्थार्जन करणे त्या काळी फारसे शिष्टसंमत नव्हते. मारियांनी तो संकेत मोडला. गायनाची आणि आवाजाच्या साधनेची त्यांना जाण होती. त्या बळावर त्यांनी लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर स्वतःचा वर्ग काढला आणि आवाज घडवण्याचे शिक्षण त्या देऊ लागल्या. १८९९मध्ये त्यांचा विवाह त्यांचे चुलतबंधू आर्नोल्ड डिकिन यांच्याशी झाला. आर्नोल्ड व्यवसायाने हिशेबनीस होते. विवाहानंतर वर्ग बंद झाला. या दांपत्याला मूलबाळ झाले नाही. हॅम्पस्टेडसारख्या हवेशीर वस्तीत घर, संगीत, वाचन आणि पाहुण्यांची सरबराई, असा त्यांचा संसार सुरू झाला.

एवढ्यावर समाधान मानणारा त्यांचा पिंड नव्हता. त्या काळच्या अनेक सुखवस्तू स्त्रियांप्रमाणे त्याही समाजकार्यासाठी लंडनच्या ईस्ट एण्ड भागात जाऊ लागल्या. ईस्ट एण्ड म्हणजे गोदी, कारखाने, दाटीवाटीची घरे आणि हातावर पोट असणाऱ्यांची वस्ती. माणसांची दैना पाहायला गेलेल्या मारियांच्या नजरेला तिथे आणखी एक दैना पडली. रस्त्यांतून खरजेने केस झडलेली कुत्री आणि मांजरे हिंडत होती. मोडलेले पाय तसेच ओढत होती. फेरीवाल्यांच्या गाड्यांना जुंपलेली गाढवे आणि तट्टे खोगिराखालच्या जखमांसह ओझी वाहत होती. परसात कुठे दुधासाठी शेळी, कुठे खाण्यासाठी पाळलेले ससे आणि कोंबड्या होत्या.

ही जनावरे हौसेची नव्हती. मांजर घरातले उंदीर आवरत असे. गाढव लंगडू लागले की फेरीवाल्याची चूल बंद पडत असे. पशुवैद्यांची फी या लोकांच्या आवाक्याबाहेरची होती आणि त्या काळी पशुवैद्यांचा व्यवसाय मुख्यतः घोडे, गुरेढोरे आणि श्रीमंतांच्या कुत्र्यांभोवती फिरत असे. त्यामुळे गरिबाचे जनावर आजारी पडले की घरगुती आणि पुष्कळदा अघोरी उपाय होत, किंवा त्याला तसेच मरू दिले जाई. गरीब माणसे निर्दय आहेत, असा निष्कर्ष वरवर पाहणाऱ्याने काढला असता. मारियांनी तो काढला नाही. इथे उणीव दयेची नाही, उपचाराची आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांचे पुढचे सारे कार्य या एका निदानावर उभे राहिले.

उपचाराची सोय करायची म्हटल्यावर जागा शोधणे आले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जून १९१७मध्ये जर्मन विमानांनी ईस्ट एण्डवर टाकलेल्या बॉम्बने पॉपलर येथील शाळेतली १८ बालके मृत्युमुखी पडली होती. अशा दिवसांत कुत्र्यामांजरांसाठी जागा मागत फिरणाऱ्या बाईंना कुणी दारात उभे करीना. माणसे मरत असताना जनावरांचे काय घेऊन बसलात, या प्रश्नाने मारियांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. अखेर एका धर्मगुरूंनी व्हाइटचॅपलमधले एक तळघर देऊ केले. शनिवार, १७ नोव्हेंबर १९१७ रोजी तिथे मारियांचा दवाखाना सुरू झाला. जनावर कोणतेही असो, ते घेऊन यावे, त्याला दुखणे सोसू देऊ नये आणि उपचाराचे पैसे पडणार नाहीत, अशा आशयाची पाटी दारावर लागली. त्या वेळी मारियांचे वय होते ४७.

थोड्याच दिवसांत त्या तळघरापुढे इतकी गर्दी होऊ लागली की, ती आवरायला पोलिसांना बोलवावे लागले. जागा अपुरी पडली, मोठी घ्यावी लागली. एकामागून एक शाखा निघत गेल्या. जे दवाखान्यापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत दवाखाना गेला पाहिजे, हे मारियांच्या लवकरच ध्यानात आले. स्थापनेनंतर सहा वर्षांच्या आतच त्यांनी घोड्याने ओढायचा फिरता दवाखाना स्वतः आखून सिद्ध केला. पुढे मोटारगाड्यांवरचे दवाखाने आले आणि ते गावोगाव फिरू लागले. मोरोक्कोतील टॅन्जियरसारख्या दूरच्या शहरातही संस्थेचे काम पोहोचले. १९२८मध्ये लंडनच्या पूर्वेला इलफर्ड येथे प्राण्यांचे आरोग्यधाम उभे राहिले.

विरोधही तितकाच तिखट झाला. मारियांच्या दवाखान्यांत उपचार करणारे अनेकजण पदवीधर पशुवैद्य नव्हते. संस्थेनेच त्यांना शिकवून तयार केले होते. पशुवैद्यांच्या संघटनेला हे मान्य होण्यासारखे नव्हते. अर्धवट ज्ञानाने जनावरांचे हाल होतील, हा त्यांचा आक्षेप होता आणि त्यात मुळीच तथ्य नव्हते, असे म्हणता येणार नाही. पण जिथे पदवीधर पोहोचतच नाही, तिथे जनावराने काय करावे, याचे उत्तर टीकाकारांजवळ नव्हते. हा वाद वर्षानुवर्षे चालला. कालांतराने दोन्ही बाजूंमध्ये समझोते होत गेले आणि संस्थेचे काम पशुवैद्यकाच्या कायदेशीर चौकटीत आले. मारियांचा स्वभाव हेकट आणि हुकमी होता, हेही खरे. संस्थेचा कारभार त्या आपल्या हाती घट्ट धरून असत. मात्र पायाखालचे तळघर सोडले तर काहीही नसताना इतका मोठा व्याप उभा राहिला, त्यामागे हाच हट्ट होता. १९३४मध्ये त्यांनी मुलांसाठी ‘बिझी बीज’ नावाचे मंडळ काढले. प्राण्यांशी कसे वागावे हे मुलांना शिकवणे आणि त्यांच्या हातून संस्थेसाठी चार पैसे जमवणे, असे दोन्ही हेतू त्यातून साध्य झाले.

आणि मग १९३९ साल उजाडले. युद्धाची चिन्हे दिसू लागताच हवाई हल्ल्यांत प्राण्यांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमण्यात आली. तिने मालकांसाठी एक पत्रक काढले. शक्य असेल तर जनावर आधीच खेड्यात पाठवावे आणि कुणाकडेच सोपवणे शक्य नसेल तर त्याला मारून टाकणेच दयेचे ठरेल, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ होता. सार्वजनिक निवाऱ्यांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. सल्ल्याचा पहिला भाग पाळण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. भेदरलेल्या लोकांनी दुसरा भाग उचलला. मारियांच्या संस्थेसह प्राणिदया संस्थांनी अशा घाईला विरोध केला, लोकांना थांबायला सांगितले. पण भीतीपुढे समजूत चालली नाही. एकट्या लंडनमध्ये त्या एका आठवड्यात सुमारे चार लाख कुत्री आणि मांजरे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. देशभरातला आकडा साडेसात लाखांपर्यंत सांगितला जातो.

दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवावे, तर तो जनावराला रस्त्यावर सोडून देईल किंवा घरीच कसेतरी मारील, ही धास्ती होती. म्हणून संस्थेच्या सेवकांनी ते काम केले. हे दिवस आपली माणसे कधीही विसरू शकणार नाहीत, अशी वेदना मारियांनी पुढे व्यक्त केली. मेलेल्या जनावरांना पुरायला जागा उरली नाही, तेव्हा इलफर्डच्या आरोग्यधामालगतचे कुरण त्यासाठी उघडण्यात आले.

दैवाचा खेळ असा की, ज्या बॉम्बच्या भयाने हे सारे घडले, ते बॉम्ब लंडनवर लगेच पडलेच नाहीत. महिन्यांमागून महिने शांततेत गेले. रिकाम्या टोपल्या आणि सुटे गळपट्टे घरात ठेवून लोक बसले होते. शहरावरचे संकट खरे होते, पण त्याची तयारी म्हणून जे केले गेले, ते मागे घेता येण्यासारखे नव्हते.

७ सप्टेंबर १९४० रोजी दुपारी जर्मन विमानांचे थवे थेम्स नदीच्या काठाने वर आले. गोदी पेटल्या, ईस्ट एण्डच्या वस्त्या कोसळल्या. त्या दिवसापासून सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडत राहिले आणि हे हल्ले मे १९४१पर्यंत चालले. लंडनमध्ये सुमारे २० हजार माणसे दगावली, दहा लाखांहून अधिक घरे पडली किंवा त्यांची मोडतोड झाली. मारियांनी आयुष्याची सत्तरी ओलांडली ती याच भडिमारात. त्यांनी पहिला दवाखाना काढला, त्या व्हाइटचॅपलच्या आसपासचा सारा परिसर आता आगीत होता.

घरे पडली, पण त्यांतले सगळे प्राणी मेले नव्हते. स्फोटाच्या आवाजाने बिथरलेली कुत्री मैलोन्मैल पळत सुटली होती. मांजरांची गोष्ट वेगळी. मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत अडकलेला असतो. घर जमीनदोस्त झाले तरी ते तिथल्याच विटांत परत येऊन बसे आणि हाकेला ओ देत नसे. पिंजऱ्यांतले पक्षी, खुराड्यांतल्या कोंबड्या आणि ससे ढिगाऱ्याखाली अडकले होते. मालक इस्पितळात, तात्पुरत्या निवाऱ्यात किंवा दूर कुठे नातेवाइकांकडे. अनेक वृद्ध माणसे आपल्या कुत्र्यामांजराला सोडून निवाऱ्यात जायला तयार नसत आणि घरातच थांबत. जनावराचा प्रश्न आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न इथे वेगळा राहत नव्हता.

मारियांच्या संस्थेने यासाठी बचाव पथके उभारली. हल्ला संपला की, आणि पुष्कळदा तो चालू असतानाच, पथकाची गाडी निघे. पडलेल्या घरात कोणते जनावर होते, ते कुठे बसत असे, त्याचे नाव काय, याची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी होई. मग ढिगाऱ्याशी गलका थांबवून कान देऊन ऐकायचे आणि विटा-वासे एकेक करून बाजूला करायचे. वर आलेल्या जनावराला जागीच मलमपट्टी होई. वाचण्यापलीकडे गेलेल्याला वेदनेतून मोकळे केले जाई. जो वाचला, त्याला मालकाचा शोध लागेपर्यंत सांभाळावे लागे. युद्धकाळात संस्थेच्या पथकांनी अशा २ लाख ५६ हजारांहून अधिक प्राण्यांना मदत पोहोचवली, अशी नोंद आहे.

यांतल्या एका पथकाचे प्रमुख बिल बार्नेट हे आपल्याबरोबर आपली टेरियर जातीची कुत्री नेत असत. तिचे नाव ब्यूटी. तिला कसलेही शिक्षण दिलेले नव्हते, ती नुसती सोबतीला येई. १९४०मधल्या एका मोहिमेत पथक शोध घेत असताना ती आपण होऊन एके जागी पंजांनी उकरू लागली. माणसांनी तिथे खणले, तेव्हा एका टेबलाखाली दबलेले जिवंत मांजर सापडले. त्यानंतर ब्यूटी पथकाची अधिकृत सभासदच झाली. विटा आणि काचा उकरून पंजे फाटू नयेत म्हणून तिला चामड्याचे छोटे बूट देण्यात आले. तिने एकूण ६३ जनावरे शोधून काढली.

त्याच सुमारास पॉपलरमध्ये रिप नावाचे एक बेवारस कुत्रे हवाई संरक्षण दलाच्या माणसांच्या मागे लागले. १९४०च्या हल्ल्यात तेही कुणाचे तरी घर पडल्यावर उघड्यावर आले असावे. एका संरक्षकाने त्याला खाऊ घातले आणि ते तिथेच राहिले. कुणीही न शिकवता रिप ढिगाऱ्यांतून माणसे हुंगू लागले. एका वर्षात त्याच्यामुळे शंभराहून अधिक माणसांचा माग लागला. रिपसारख्या कुत्र्यांची ही करामत पाहून युद्धाच्या अखेरच्या काळात अधिकाऱ्यांनी शोधकार्यासाठी कुत्री शिकवून तयार करायला घेतली. माणसे मरत असताना जनावरांचे काय, या जुन्या प्रश्नाला एका बेवारस कुत्र्याने परस्पर उत्तर देऊन टाकले.

मारियांना या सेवेची नोंद व्हावी असे वाटत होते. १९४३मध्ये त्यांनी युद्धात शौर्य आणि कर्तव्यनिष्ठा दाखवणाऱ्या प्राण्यांसाठी एक पदक सुरू केले. कांस्याचे हे पदक आज डिकिन मेडल म्हणून ओळखले जाते. त्याच्या फितीवर हिरवा, तपकिरी आणि फिका निळा असे तीन पट्टे आहेत. पाणी, भूमी आणि आकाश यांची ती खूण. २ डिसेंबर १९४३ रोजी पहिली तीन पदके तीन कबुतरांना मिळाली. समुद्रात कोसळलेल्या विमानांतल्या वैमानिकांचा ठावठिकाणा कळण्यास त्यांनी मदत केली होती. १९४५मध्ये ब्यूटीला आणि रिपलाही ते मिळाले. लंडनवरील उडत्या बॉम्बच्या स्फोटांतही बिथरून न जाता काम करणारे पोलिसांचे तीन घोडेही या यादीत आहेत. १९४९पर्यंत एकूण ५४ पदके दिली गेली. ३२ कबुतरे, १८ कुत्री, तीन घोडे आणि एक मांजर. हे एकमेव मांजर म्हणजे ‘ॲमेथिस्ट’ या युद्धनौकेवरचा सायमन.

ज्या जनावराच्या गळ्यात पदक पडले, त्याला त्याचा अर्थ कळत नव्हता, हे मारिया जाणून होत्या. पदक खरे तर पाहणाऱ्या माणसांसाठी होते. चार वर्षांपूर्वी ज्या जिवांना अडगळ समजून संपवण्यात आले, त्यांच्याच जातीचे जीव शहराच्या उपयोगी पडले, हे सरकारदरबारी आणि लोकांत मान्य करून घेण्याचा तो मार्ग होता.

मारियांना १९२९मध्ये ओबीई आणि १९४८मध्ये सीबीई हे किताब मिळाले. १ मार्च १९५१ रोजी लंडनमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांनी ८० वर्षांचे आयुष्य पाहिले. त्यांची संस्था आजही मालकाची ऐपत नसलेल्या प्राण्यांवर उपचार करते. पन्नास वर्षांच्या खंडानंतर २०००मध्ये पदकही पुन्हा देण्यास सुरुवात झाली. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी जुळे मनोरे कोसळले, तेव्हा आपल्या अंध मालकांना जिने उतरवून सुखरूप खाली आणणाऱ्या सॉल्टी आणि रोझेल या दोन कुत्र्यांना आणि शोधपथकातल्या अपोलोला २००२मध्ये ते देण्यात आले.

संकटात पाळीव प्राण्यांचे काय करायचे, याचा धडा मात्र जगाला सहजी पचलेला नाही. २००५मध्ये कॅटरिना चक्रीवादळात अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. बचाव नौकांत प्राण्यांना जागा नव्हती. म्हणून अनेकांनी बुडत्या घरातून निघायला नकार दिला आणि काहींचे त्यात प्राण गेले. त्यानंतर २००६मध्ये अमेरिकेने कायदा केला आणि आपत्तीतल्या स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचाही विचार करणे बंधनकारक झाले. प्राणी माणसाच्या घराचाच भाग आहे आणि घर सोडताना तो मागे ठेवायला सांगणे म्हणजे माणसालाच मागे ठेवणे, ही गोष्ट मारिया डिकिन यांना ईस्ट एण्डच्या गल्ल्यांत कायद्याच्या कितीतरी आधी उमगली होती.

इलफर्डच्या दफनभूमीत आज ब्यूटी, रिप आणि सायमन यांच्या समाध्या आहेत. दगडांवर त्यांची नावे आणि त्यांचे पराक्रम कोरलेले आहेत. लोक तिथे येऊन थांबतात, वाचतात, फुले ठेवतात. सप्टेंबर १९३९मध्ये आणलेली हजारो जनावरे याच परिसरात पुरलेली आहेत. त्यांच्यावर दगड नाही आणि नावही नाही.